विषय: पिचर लेकीला घेऊन कोकणात, सरावाचं काय?

प्रेषक: स्नेहभोजन समितीतली एक आई

नमस्कार मंडळी,

प्रश्न मंडळाच्या कामापेक्षा जरा अवांतर आहे, सचिवांनी रागावू नये. माझी लेक ११ वर्षांची, फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये (चेंडू खालून, जोरात टाकायचा प्रकार) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी आहे. यंदा १२ वर्षांखालच्या संघात गेली. टाकायचं अंतर ३५ फुटांचं ४० झालं, चेंडूही ११ इंच घेराचा जाऊन १२ इंची आला. आत्ता कुठे हात बसतोय, तर जुलैत आम्ही पाच आठवडे गुहागरला. कोच म्हणतात, अजिबात खंड नको. माझी आई फोनवर विचारते, "नात आजोळी येत्येय की छावणीत?"

इथल्या कुणी असं केलंय का? भर पावसात टाकायचं कुठे? आणि कॅच कोण करणार? आमचे हे दोनच आठवडे येणार आहेत.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या मुक्काम वेंगुर्ले)

ताई, मी आत्ता त्याच भानगडीत आहे. आमचं कन्यारत्न १२ वर्षांचं. सविस्तर लिहितो, वीज आहे तोवर.

आधी एक कबुली. मार्चमध्ये तिचा खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागला. एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेत तिने किती सामने टाकले ते मी मोजलंसुद्धा नव्हतं. खालून टाकायचं म्हणजे हाताला ताण नाही, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. पण विंडमिल म्हणतात त्या फेकीत हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरून कमरेजवळ एकदम थांबतो, तेव्हा दंडाच्या स्नायूचा जो कंडरा खांद्याला पुढून जोडलेला असतो, त्याला चांगलाच ओढा बसतो. मुलग्यांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ फेकींची मर्यादा, फार तर समोरचा बॅटर संपेपर्यंत टाकायचं. आमच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये असा आकडाच नाही. म्हणजे तो आईबापांनी ठेवायचा. मी ठेवला नाही. फिजिओने तीन आठवडे हात बंद ठेवायला लावला.

आता इथलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे बहुतेकांची जाळी घरी. शेजाऱ्यांनी एक जुनं, विरलेलं जाळं दिलं, ते खळ्यात दोन माडांच्या मध्ये बांधलं. चेंडू त्यात गपकन बसतो आणि खाली पडतो, विहिरीत जात नाही. (पहिल्या दिवशी गेला होता. पोहऱ्याने काढला.) ४० फूट टेपने मोजले, जांभ्याचा चिरा ठेवला आणि तिथून जाळ्यापर्यंत सुंभ ताणून ठेवलं. पुढचा पाय त्या रेषेवर पडतो की बाहेर, हे तिचं तिलाच दिसतं. पूर्वी ते मी ओरडून सांगायचो.

पाऊस लागला की पडवी. पडवी जेमतेम १५ फूट, पूर्ण जोराने टाकायचा प्रश्नच नाही. सुरुवातीला मी हळहळलो. पण तिथेच काम झालं. चेंडूला वायरमनची काळी टेप मधोमध गुंडाळली. गुडघ्यावर बसून नुसत्या मनगटाने टाकायचं. फिरकी सरळ असली तर टेपची एकच रेघ दिसते, मनगट वाकडं सुटलं की रेघ लडबडते. पहिले चार दिवस नुसती लडबड. आता दहातल्या सहा-सात रेघा सरळ येतात. पाठोपाठ चेंजअप, हात तसाच फिरवायचा, वेग मात्र काढून घ्यायचा. ड्रॉप, राइज, कर्व्ह अशा वळणाऱ्या चेंडूंच्या नादाला या वयात लागायचं नाही, असं आमच्या कोचबाईंचं मत. मला पटतं.

कॅच मी करतो, रंगाच्या उपड्या बादलीवर बसून, तोंडाला मास्क लावून. नडगीवर दोन काळेनिळे डाग आहेत. मिट (कॅचरचा जाड हातमोजा) सामानात आणला म्हणून बायकोचा एक डबा मागे राहिला, तो विषय नको.

मोजदाद मात्र आमच्या आईकडे. ती सुपात ५० काजूबिया घेऊन पायरीवर बसते. एक फेक, एक बी डावीकडून उजवीकडे. संपल्या की "बियो सरल्यो," म्हणून सूप उचलून आत. मी दोनदा म्हटलं, "आई, अजून पाचच." तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिला स्ट्राइक म्हणजे काय ते ठाऊक नाही, चांगली पडली की वाईट याच्याशी देणंघेणं नाही. लेक इतकी निवांत टाकताना मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. एकदा ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही मास्क काढू नका, म्हणजे तुमचं तोंड दिसत नाही." माझ्या तोंडावर प्रत्येक बॉलचा निकाल लागलेला असतो म्हणे.

सल्लागार मात्र आवरा. शेजारी खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकतात. त्यांनी बघून सांगितलं, "हातान नको गो, कमरेन टाक." ऐकायला झकास. पण पाग टाकताना कमर आधी फिरते, इथे हात खाली येईपर्यंत कमर उघडी राहायला हवी. दोन दिवस सगळे चेंडू तिरके. शेवटी मी त्यांना हात जोडून सांगितलं, काका, जाळं तेवढं राहू दे.

आठवड्यातून चार दिवस टाकते. बाकी दिवस खेकडे.

---

प्रेषक: आरतीचे काका

खजिनदार, हिशोब काजूबियांवर चाललाय हे वाचून मंडळाच्या तिजोरीची काळजी वाटली.

खालून टाकणं म्हटलं की आम्हाला क्रिकेटमधला १९८१ चा ऑस्ट्रेलियाचा ट्रेव्हर चॅपेल आठवतो, शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत. तेव्हापासून 'अंडरआर्म' ही शिवीच झाली. ती पोरींनी पुसून काढली, बरं झालं. आणि सॉफ्टबॉल हा परक्याचा खेळ समजू नका, महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत तो खेळतात, शिवछत्रपती पुरस्कारही मिळतो. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत आहे. मंडळाची बस काढायची का?

---

प्रेषक: स्नेहभोजन समितीतली एक आई

खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काजूबिया नाहीत, सुपाऱ्या चालतील का? कॅचचं मात्र अजून अडलंय.

---

प्रेषक: खजिनदार

चालतील. कॅचर नसेल तर जाळं पुरतं, फक्त त्यावर गुडघ्याच्या उंचीला एक आणि छातीच्या उंचीला एक, अशा दोन रंगीत चिंध्या बांधा. जाळं मागायचं तर लवकर मागा, १ ऑगस्टला होड्या सुटतात.

आणि भिजलेला चेंडू चुलीच्या वैलावर वाळत ठेवू नका. आम्ही ठेवला. शिवण उसवली, आता तो मांजराचा आहे.