'पक्षपाती', 'पक्षीय' की 'पक्षनिहाय'? अमेरिकी आरोग्यसेवेच्या वादात अडलेला एक शब्द

(अनुवादाविषयीच्या चर्चामंचावरील धागा; प्रत्येक नोंदीच्या वर सदस्याचे टोपणनाव आहे.)

कच्चा खर्डा :
अमेरिकेतील आरोग्यसेवा सुधारणांच्या वादावरील एक दीर्घ लेख मी एका नियतकालिकासाठी अनुवादित करीत आहे आणि त्यातील एका शब्दाने मला आठवडाभर अडवून ठेवले आहे. तो शब्द म्हणजे 'पार्टिझन', म्हणजे आपल्याच पक्षाची बाजू धरणारा. मूळ लेखात तो अकरा वेळा येतो. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'पक्षपाती' लिहून मोकळा झालो. संपादकांनी समासात लाल शाईने लिहिले, "पंच पक्षपाती असतो, परीक्षक पक्षपाती असतो. मतभेद पक्षपाती कसा असेल?" ते मला पटले. दुसऱ्या खर्ड्यात 'पक्षीय' केले, तर लेखातला सगळा कडवटपणाच निघून गेला. शिवाय 'बायपार्टिझन'साठी (म्हणजे दोन्ही पक्षांचा पाठिंबा असलेले) 'द्विपक्षीय' लिहिताच वाक्य परराष्ट्र खात्याच्या निवेदनासारखे दिसू लागले, जणू डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन ही दोन राष्ट्रे असून त्यांच्यात पाणीवाटपाची बोलणी चालू आहेत.

अडलेले वाक्य असे : सिनेट या वरिष्ठ सभागृहाने आधी संमत केलेले ओबामांचे आरोग्यसेवा विधेयक (पुढचा 'अफोर्डेबल केअर' कायदा) प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहाने २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले आणि रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. लेखक या मतदानाला 'पार्टिझन' म्हणतो. मराठीत काय म्हणावे?

बोरू :
संपादकांचा आक्षेप रास्त आहे. इंग्रजीत तो एक शब्द असला तरी मराठीत त्याची निदान तीन कामे तीन वेगळ्या शब्दांना वाटून द्यावी लागतील. मतांची विभागणी पक्षांच्या रेषेवर झाली एवढेच सांगायचे असेल तेव्हा 'पक्षनिहाय मतदान' म्हणावे. माणसाचा स्वभाव सांगायचा असेल तेव्हा 'पक्षाभिनिवेशी' म्हणावे, कारण 'अभिनिवेश' या शब्दात आग्रह, आवेश आणि थोडी आंधळी निष्ठा हे सगळे आपोआप येते. ज्याने निःपक्षपाती राहणे अपेक्षित होते तो तसा राहिला नाही, असा ठपका ठेवायचा असेल तेव्हाच 'पक्षपाती' वापरावा. अकरा ठिकाणी एकच शब्द वापरण्याचा हट्ट सोडलात तर अडचण उरणार नाही.

तळटीप :
'पक्षनिहाय' मला मान्य नाही. एक तर त्या शब्दाला सरकारी तक्त्याचा वास आहे; 'जिल्हानिहाय', 'वर्गनिहाय' अशा रकान्यांच्या डोक्यावर तो शोभतो. दुसरे असे की या प्रसंगी तो खोटाही ठरतो. विरोधात गेलेल्या २१२ मतांपैकी ३४ मते डेमोक्रॅटिक पक्षाच्याच सदस्यांची होती. म्हणजे पाठिंबा एकपक्षीय होता आणि विरोध उभयपक्षीय होता. याला पक्षनिहाय कसे म्हणणार?

तुलनेसाठी १९६५ पाहावे. मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या दोन्ही सरकारी आरोग्यविमा योजना ज्या कायद्याने आल्या, त्याच्या अंतिम मसुद्यावर प्रतिनिधिगृहात मतदान झाले तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे ७० सदस्य बाजूने आणि ६८ विरोधात होते. पक्षाच्या मधोमध चीर गेलेली होती. त्या मतदानाला 'उभयपक्षीय' म्हटले तर शोभेल. 'द्विपक्षीय' मात्र परराष्ट्र खात्याकडेच राहू द्यावा.

व्युत्पत्तीवेडा :
आपण सगळे 'पक्ष'ला जोडलेल्या शेपटाशी झगडत आहात आणि मूळ शब्दाकडे कोणीच पाहत नाही. 'पक्ष' म्हणजे मुळात पंख, आणि पंखावरून बाजू. महिन्याच्या दोन बाजू म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्ष. वादाच्या दोन बाजू म्हणजे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. छपराच्या उतरत्या बाजूला आपण पाखे म्हणतो आणि दोन उतारांच्या घराला दुपाखी म्हणतो. मग 'बायपार्टिझन'ला 'दुपाखी' का म्हणू नये? 'दुपाखी विधेयक' हा शब्द तोंडात बसतो, आणि त्यात एक चित्रही आहे, की दोन्ही पाखी एका आढ्यावर टेकलेली आहेत आणि एक काढले तर दुसरेही खाली येईल. माझ्या मते 'पाखर घालणे' हा वाक्प्रचारही याच घराण्यातला आहे. एवढी संपत्ती घरात असताना 'पार्टिझन' हा उसना शब्द देवनागरीत लिहून दाखवण्याची वेळ यावी, हे मला लाजिरवाणे वाटते.

तळटीप :
दुपाखी विधेयक वाचून वाचकाला ते गळते आहे की शाकारलेले, असा प्रश्न पडेल. शब्द जुना असणे आणि तो आज या जागी कळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

दूरदेशी :
मी पुष्कळ वर्षे अमेरिकेत राहतो आणि हा वाद जवळून पाहिला आहे. माझे म्हणणे असे की 'पार्टिझन' हा आपल्या लेखातील सर्वांत सोपा शब्द आहे. खरा पेच हा आहे की या विषयातील प्रत्येक नाम कोणत्या ना कोणत्या पक्षाचे सदस्यत्व घेऊन बसलेले आहे, आणि अनुवादक अनवधानाने त्या पक्षाची पावती फाडतो.

एक प्रसंग सांगतो. २०१५ च्या प्राप्तिकर विवरणपत्राच्या दुसऱ्या पानावर, ६१ व्या ओळीत, वर्षभर आरोग्यविमा होता की नाही हे सांगण्यासाठी एक लहानसा चौकोन होता. माझ्या ओळखीचे एक नळकाम करणारे गृहस्थ तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आले आणि 'मँडेट'ची, म्हणजे प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे या कायद्यातील अटीची, ओळ कोणती, असे विचारू लागले, कारण तिच्यावर काट मारूनच सही करायची असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी ते पान दोनदा उलटून पाहिले. तो शब्द त्या पानावर नव्हता. ओळीचे शीर्षक होते 'आरोग्यसेवा : वैयक्तिक जबाबदारी'. ज्या गोष्टीला एक पक्ष सक्ती म्हणत होता, तिला सरकारी कागदावर जबाबदारी म्हटले होते. विमा नसेल तर भरायच्या रकमेला कायद्यातील उपशीर्षक 'सामायिक जबाबदारीचा भरणा' म्हणते आणि त्याच्याच खालचे वाक्य 'दंड' म्हणते. यातला कोणता शब्द उचलावा, हा भाषेचा प्रश्न उरत नाही. त्या गृहस्थांनी शेवटी चौकोनात खूण केली, कारण त्यांच्याकडे पत्नीच्या नोकरीतला विमा वर्षभर होता.

बोरू :
'मँडेट'वरून आठवले. एका दैनिकात मी 'वैयक्तिक जनादेश' असा अनुवाद वाचला होता. निवडणुकीत मिळतो तो जनादेश, एवढे ठाऊक असलेल्या कोणी तरी कोश न उघडता तो चिकटवला असावा. वाचकाला वाटावे की अमेरिकेत प्रत्येक नागरिक स्वतःच स्वतःला निवडून देतो. या ठिकाणी साधे 'विमासक्ती' म्हणावे.

दूरदेशी :
'सक्ती' हा विरोधकांचा शब्द आहे, हेच तर मी सांगत होतो. 'लसीकरण सक्तीचे', 'हेल्मेटसक्ती' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कुरकुर गृहीत असते. 'विमा अनिवार्य' म्हटले तर ती कुरकुर जाते आणि कायद्याचा सूर राहतो. गंमत अशी की या कल्पनेनेही घर बदलले आहे. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, ही सूचना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या रूढिवादी संस्थेने मांडली होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात तसा कायदा झाला तेव्हा राज्यपाल होते रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी. तेव्हा तिच्यामागे युक्तिवाद होता वैयक्तिक जबाबदारीचा : फुकटात उपचार घेऊन बिल इतरांवर टाकू नका. तीच कल्पना ओबामांच्या कायद्यात आली तेव्हा ती स्वातंत्र्यावरचा घाला ठरली. कल्पना तीच राहिली, तिला हाक मारणारी माणसे बदलली आणि तिचे नाव बदलले. आता सांगा, मराठीत हिला जबाबदारी म्हणणार की सक्ती?

अर्धविराम :
दंडाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. या कायद्यावरील २८ जून २०१२ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जे केले, ते मराठीत इतके चपखल सांगता येते की इंग्रजीची कीव यावी. खटला ऐकता येईल की नाही, हा पहिला प्रश्न होता, कारण कर भरण्यापूर्वीच त्याच्या वसुलीविरुद्ध दावा लावता येत नाही असा जुना कायदा आहे. त्या प्रश्नापुरता न्यायालयाने निर्वाळा दिला की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 'दंड' हा शब्द वापरला आहे, म्हणून हा कर नव्हे. पुढे घटनेच्या कसोटीवर मात्र पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की याचे काम कराचेच आहे, म्हणून तो वैध. ओबामांनी २००९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत हा कर असल्याचे ठामपणे नाकारले होते आणि त्यांच्याच सरकारच्या वकिलांनी न्यायालयात करवसुलीच्या अधिकाराचाही आधार घेतला होता. मराठीत 'दंड' म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग आणि 'कर' म्हणजे हात. हे पाहता न्यायालयाने फार काही केले नाही, फक्त दंडावरून खाली येऊन कर धरला.

पुढे २०१७ च्या करविषयक कायद्याने ती रक्कम २०१९ पासून शून्य केली. लगेच नवा वाद निघाला की शून्य डॉलरचा कर हा कर असतो काय. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी, दावा लावण्याचा अधिकारच वादींना नाही, या कारणावर निकाली निघाला. शून्याच्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले नाही.

व्युत्पत्तीवेडा :
कर आणि दंड यांवरील श्लेष उत्तम आहे, परंतु हा श्लेष आहे, व्युत्पत्ती नव्हे, एवढे नोंदवून ठेवतो. आता कायद्याच्या नावाकडे वळू या. 'अफोर्डेबल केअर' या शब्दांचा अनुवाद 'परवडणारी सेवा' असा सर्रास केला जातो. 'परवडणे' या क्रियापदाच्या पोटात 'परवड' दडलेली आहे, हे कोणाच्या लक्षात कसे येत नाही? विमा नसलेल्या रुग्णाची परवड आणि विमा घेणाऱ्याचे परवडणे ही एकाच धातूची दोन फळे आहेत, असे माझे मत आहे.

तळटीप :
शब्द सारखे दिसतात म्हणून ते नातेवाईक होत नाहीत. 'पाट' लग्नाचा, 'पाट' पाण्याचा आणि 'पाट' बसायचा यांची एकच वंशावळ कोणी लावत नाही. आणि 'केअर'चे 'सेवा' कसे झाले, हेही मला विचारायचे आहे. 'आरोग्यसेवा' म्हटले की देणारा दिसतो. 'शुश्रूषा' किंवा 'निगा' म्हटले की घेणारा दिसतो.

नावाचा परिणाम किती होतो पाहा. 'ओबामाकेअर' हा शब्द विरोधकांनी हिणवण्यासाठी चालवला आणि पुढे ओबामांनी तो स्वतःच आपलासा केला. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसी वाहिनीच्या पाहणीत काहींना 'ओबामाकेअर'विषयी आणि काहींना कायद्याच्या मूळ नावाने त्याच कायद्याविषयी विचारले, तेव्हा पहिल्या नावाला ४६ टक्क्यांचा विरोध होता आणि दुसऱ्याला ३७ टक्क्यांचा. केंटकी राज्याने तर आपल्या विमाबाजाराला (या कायद्याखाली विमा विकत घेण्याच्या बाजारपेठेला) ओबामांचा उल्लेखही नसलेले 'kynect' (उच्चार 'कनेक्ट') असे नाव दिले. तेव्हा अनुवादात 'ओबामाकेअर' ठेवायचे की कायद्याचे नाव, हाही निर्णय निष्पाप नाही.

अर्धविराम :
मग 'सुधारणा' तरी निष्पाप आहे का? मराठीत सुधारणा म्हणजे चांगल्यासाठी केलेला बदल. 'आरोग्यसेवा सुधारणेला विरोध' असे लिहिले की विरोध करणारा आपोआप सनातनी ठरतो, कारण आपल्याकडे 'सुधारक' या शब्दाच्या समोर दुसरे कोणी उभे केलेच जात नाही. त्यातून विधिमंडळाच्या मराठीत 'सुधारणा अधिनियम' म्हणजे आधीच्या कायद्यात केलेला फेरफार, मग तो चांगला असो वा वाईट. रिपब्लिकन पक्षही आपल्या २०१७ च्या विधेयकांना सुधारणाच म्हणत होता. मी 'फेरबदल' सुचवतो.

बोरू :
'फेरबदल' मंत्रिमंडळात होतात. आरोग्यव्यवस्थेत 'फेररचना' म्हणावे.

२०१७ चा विषय निघालाच आहे, तर 'रिपील'ला, म्हणजे कायदा रद्द करण्याला, काय म्हणता? कायद्याच्या मराठीत 'निरसन' हा रूढ शब्द आहे आणि 'निरसन व व्यावृत्ती' हे कलम शेकडो अधिनियमांच्या शेवटी असते. मी एकदा तो वापरला, तर एका वाचकाने पत्र पाठवून विचारले की शंकेचे निरसन होते, कायद्याचे कसे होईल? २८ जुलै २०१७ च्या पहाटे रिपब्लिकन पक्षाच्याच जॉन मॅककेन यांनी सिनेटमध्ये आपल्या पक्षाच्या विधेयकावर अंगठा खाली करून ४९ विरुद्ध ५१ अशी स्थिती आणली, तेव्हा कायदा वाचला. पण 'निरसन टळले' असे लिहिले असते, तर त्या वाचकाला वाटले असते की शंका तशीच राहिली.

दूरदेशी :
शब्दांच्या अर्थावर खटला कसा उभा राहतो हे पाहायचे असेल, तर याच कायद्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जून २०१५ चा निकाल वाचावा. कायद्यात 'राज्याने स्थापन केलेला' विमाबाजार असे चार इंग्रजी शब्द होते आणि बऱ्याच राज्यांनी तो स्थापनच केला नव्हता. तेथे तो केंद्र सरकारने चालवला होता. तिथल्या लोकांना अनुदान मिळावे की नाही, हे त्या चार शब्दांवर टांगलेले होते. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी संदर्भ पाहून अनुदान टिकवले. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांची तक्रार अशी होती की हेही 'राज्याने स्थापन केलेले' असेल, तर शब्दांना आता अर्थच उरला नाही. येथे त्यांचे सदस्यत्व असते, तर व्युत्पत्तीवेडा यांच्याशी त्यांचे जमले असते.

व्युत्पत्तीवेडा :
हा गौरव समजतो.

कच्चा खर्डा :
सर्वांचे आभार. मुदत काल संपली. मी मतदानासाठी 'पक्षनिहाय', वातावरणासाठी 'पक्षाभिनिवेशी' आणि 'बायपार्टिझन'साठी 'उभयपक्षीय' असे करून मजकूर पाठवला. 'मँडेट'ला 'विमा अनिवार्यता' केले. आज मुद्रितशोधनाची प्रत आली. 'पक्षाभिनिवेशी मतभेद' खोडून संपादकांनी 'तीव्र मतभेद' केले आहे, 'पक्षनिहाय' तसाच ठेवला आहे आणि त्या ३४ डेमोक्रॅट सदस्यांचे वाक्य जागेअभावी गाळले आहे.

तळटीप :
ते वाक्य गाळले असेल तर 'पक्षनिहाय' आता बरोबर दिसतो. मला मात्र अजून 'मतभेद' खटकतो. भेद एकाच घरातल्या माणसांत होतात. हा तर सरळ 'पक्षविरोध' आहे. यावर वेगळा धागा काढावा काय?