मांजर डोळ्यात ड्रॉप टाकू देईना, काय घ्यावं? (बजेट ३०० रुपये)

लातूरची_मनी
नमस्कार मंडळी. आमची ठकी दोन वर्षांची. परवा गल्लीतल्या बोक्याशी भांडून आली अन् डावा डोळा मिटूनच बसली. डॉक्टरनी डोळ्यात रंगाचं औषध टाकून निळ्या लाइटखाली बघितलं, बुबुळावर ओरखडा हिरवा चमकला. अँटिबायोटिक ड्रॉप दिवसातून चारदा, रात्री ट्यूब, सात दिवसांनी परत दाखवायचं. पहिल्याच वेळी आम्ही दोघांनी धरलं तर ह्यांच्या मनगटावर तीन ओरखडे अन् औषध सगळं तिच्या कानावर. आता नुसतं टोपण वाजलं तरी कपाटाखाली जाऊन बसायलीय. ऑनलाइन पिशव्या, गळ्यातले कोन, काय काय दिसायलंय. ३०० च्या आत काय घेऊ? डोळा जातो का काय म्हणून रात्रभर झोप नाही.

नांदेडचा_भाऊ
ताई, सरळ मांजर धुवायची चेनवाली जाळीची पिशवी घ्या. मला ८५० ला पडली, पैसे वसूल. नखं कापायला, ड्रॉपला, सगळ्याला तीच. ३०० वाली घेऊच नका, मी आधी तसलीच घेतली होती, दुसऱ्या दिवशी चेन उसवली.

उदगीरकर
८५० कशाला घालवायले? घरातला जाड टॉवेल घ्या, मान सोडून सगळं गुंडाळा, पुढचे पंजे आत राहिले पाहिजेत. गुडघ्यावर बसा, मांजर दोन मांड्यांच्या मधी, तिची पाठ तुमच्याकडं. डाव्या हातानं हनुवटी वर करा, उजवा हात तिच्या डोक्यावर टेकवून त्याच हातातली बाटली वरून अन् मागून आणा. समोरून आणली की तिला दिसती अन् ती मान फिरवती, सगळा घोळ तिथंच होतो. एकच थेंब, जास्त डोळ्यात मावतच नाही. बाटलीचं टोक डोळ्याला, केसाला लागू देऊ नका. ड्रॉप अन् ट्यूब एकाच वेळी आली तर ड्रॉप आधी, पाच मिनिटं थांबून ट्यूब.

औशाचा_पाटील
एवढं कशाला, गुलाबजल टाका दोन दिवस. आमच्या आजीनं सगळ्या मांजरांना तेच केलं, काही झालं नाही.

उदगीरकर
पाटील, बुबुळाला जखम हाय तिच्या. गुलाबजल, मध, एरंडेल काहीच नको.

परभणीची_काकू
मनी बाळा, माझं ऐक. माझ्या राणीला असंच लागलं होतं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप घरात उरले होते, मेडिकलवाला म्हणला डोळ्याचंच औषध हाय, चालतंय. त्यात स्टिरॉइड होतं. बुबुळाला जखम असताना स्टिरॉइड पडलं की जखम भरत नाही, उलट खोल जाती. चौथ्या दिवशी डोळा पांढरा पडला. मग इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेलं पण तवर उशीर झाला होता, डोळा काढावा लागला. डॉक्टरनी दिलंय तेच टाक, घरातली दुसरी बाटली हातात पण घेऊ नको.

नांदेडचा_भाऊ
वाईट वाटलं काकू. पण ताईंचा प्रश्न धरायचं कसं हा हाय. पिशवी घ्या, मी परत सांगतो.

बीडचा_शेतकरी
ड्रॉप टाकल्यावर तोंडाला फेस आला तर घाबरू नका. मी विषबाधा समजून रात्री अकराला फटफटीवर डॉक्टरकडं पळालो होतो. डोळ्यातलं औषध नाकातून घशात उतरतं अन् कडू लागतं म्हणून लाळ गळती. अन् बाटली फ्रिजमधी ठेवायला सांगितली असंल तर टाकायच्या आधी दोन मिनिटं मुठीत धरा, गार थेंबानं दचकतंय. आमच्याकडं तर लाइटच नसती, फ्रिज नावालाच.

नांदेडचा_भाऊ
इन्व्हर्टर बसवा. मी दोन बॅटऱ्यांचा बसवलाय, काही टेन्शन नाही.

बीडचा_शेतकरी
भाऊ, इथं कापसाला भाव नाही अन् तुम्ही इन्व्हर्टर सांगायलेत.

जालन्याचा_मास्तर
टॉवेलच बरोबर, वर सांगितलंय तसंच. पण मनगटावरच्या त्या ओरखड्यांचं कुणीच बोललं नाही! साबण अन् वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं अन् सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं. हळद लावून बसू नका.

लातूरची_मनी
आज चौथा दिवस. सगळ्यांचे आभार. ह्यांनी इंजेक्शन घेतलं. पिशवी घेतली नाही. टॉवेल दोनदा करून बघितला, तर आता टॉवेल दिसला तरी पळायलीय, श्वास फुलतो तिचा, मला बघवंना. म्हणून धरायचंच सोडून दिलं. दुपारी ती सासूबाईंच्या शिलाई मशीनवर झोपती, तिथं मागून जाते, हनुवटीखाली खाजवते, तिनं मान वर केली की एक थेंब अन् लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. टोपण आधीच बाहेरच्या खोलीत काढून येते. चारातले तीन वेळा जमायलंय. पैसे पाव किलो चिकनवरच गेले. रात्रीची ट्यूब मात्र जमंना, पापणी ओढली की उठती.

उदगीरकर
असं अर्धवट नका करू ताई, टॉवेलची सवय लागती हळूहळू. ट्यूब आधी मुठीत गरम करा म्हणजे मलम लवकर निघतं, खालची पापणी जराशी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं सोडा, मग पापण्या मिटवून धरा.

लातूरची_मनी
ट्यूब आज तशी करून बघते. टॉवेल मात्र नाही दादा.

परभणीची_काकू
डोळा उघडायली का ग?

लातूरची_मनी
हव काकू. आज सकाळी अर्धा उघडला.