नॉनबायनरी म्हणजे तृतीयपंथीच ना? मग वेगळा रकाना कशाला?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'पुरुष, स्त्री, तृतीयपंथी' असे रकाने आहेत. मुलांना चौथा 'नॉनबायनरी' हवाय. माझं मत, नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानं पुरुष-स्त्रीपलीकडची तिसरी नोंद मान्य केली, तेवढी पुरे. शिवाय अर्ज आधारशी जुळला नाही की शिष्यवृत्ती अडकते, ते कोण निस्तरणार?

मिरजवेस: शिष्यवृत्तीला आधारवरचीच नोंद द्या, कोण नको म्हणतंय? पण दोन्ही एकच, हे चूक. तृतीयपंथी म्हटलं की आपल्याकडे हिजडा समाज, नाहीतर सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते डोळ्यांपुढे येतात. तिथं गुरू असतो, दीक्षा असते. नॉनबायनरी म्हणजे फक्त 'पुरुष' किंवा फक्त 'बाई' यात स्वतःला न बसवणारी व्यक्ती. ऑपरेशन, हार्मोन, पेहराव, कशाचीच अट नाही. इंटरसेक्स म्हणजे शरीराची जन्मजात ठेवणच ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणं. गे-लेस्बियन हा आकर्षणाचा मामला. सगळं एका पोत्यात भरलं की गोंधळ होणारच.

विटेकर: दवाखान्यात काय सांगणार? शरीर तर बदलत नाही.

मिरजवेस: डॉक्टरनं हवं तेच विचारावं: पाळी येते का, गर्भाशय आहे का, कुठली औषधं चालू आहेत. 'पुरुष'वर खूण केलेल्याला गर्भाशय असूच शकत नाही असं धरून चाललं, की तपासण्या राहून जातात.

कृष्णाकाठ: कायद्यात तर 'नॉनबायनरी' हा शब्दच नाही.

मिरजवेस: बरोबर. 2019 च्या तृतीयपंथी (ट्रान्सजेंडर) हक्क संरक्षण कायद्याच्या मूळ मजकुरात ट्रान्सजेंडरच्या व्याख्येत जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष चौकट न मानणारे) आणि जोगता होते, नॉनबायनरी नाही. त्या मजकुरानुसार कलेक्टरचा दाखला 'ट्रान्सजेंडर' म्हणून, आणि ऑपरेशननंतर बदलून मिळणारा 'पुरुष' किंवा 'स्त्री' असा. नॉनबायनरी म्हणून जागा कागदावर नाहीच. म्हणून कॉलेजनं आपल्यापुरती तरी करावी.

विटेकर: आणि बोलायचं कसं? 'ते आलं'? वासराला म्हणतो तसं?

औदुंबर: त्या व्यक्तीनं सांगितल्याशिवाय 'ते आलं' अजिबात नको, अपमान वाटतो. सरळ विचारा. तोवर 'तुम्ही'. 'आलास-आलीस'मध्ये लिंग कळतं, 'आलात'मध्ये नाही. 'येईन', 'मला जायचंय', 'मी केलं' यांतही नाही. घोडं अडतं ते 'आला-आली'पाशी. लेखी मजकुरात 'उपस्थित होते' ऐवजी 'यांची उपस्थिती होती' लिहा, सुटतं. आणि सांगली-कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो, गेलो' म्हणतात, तेव्हा कुणाच्या बोलण्यावरून अंदाज बांधायला जाऊ नका.

कृष्णाकाठ: रकाना वाढवायला माझा विरोध कायम. फार तर 'इतर' आणि पुढं एक रिकामी रेघ.

औदुंबर: रेघेवर एकजण 'एनबी' लिहील, दुसरा 'नॉन बायनरी', तिसरा इंग्रजीत. संगणकात तीन वेगळ्या नोंदी पडतील आणि मोजदाद बोंबलेल. त्यापेक्षा यादीतच पर्याय द्या, सोबत 'सांगायचं नाही' हाही ठेवा. आणि वसतिगृहाची यादी बोर्डावर लावताना हा रकाना छापू नका. घरी न सांगितलेलं पोर तिथं सगळ्या गावापुढं उघडं पडतं.