ग्राहकाशी तडजोड करून दिलेला पैसा कॉन्ट्रॅक्टरने खर्चात धरायचा की नाही?

होटगी_रोडवाला: विजापूर रोडला एका बंगल्याचं टेरेस वॉटरप्रूफिंग केलं, पावसात छताला ओल आली, मालक थेट ग्राहक आयोगात. तारखा करत बसण्यापेक्षा तडजोड करून १ लाख ८० हजार देऊन टाकले, वकिलाची फी वेगळी. आता टॅक्सवाला म्हणतो हे वजा होणार नाही. का बे? सिमेंट खर्चात, सेंट्रिंगचं भाडं खर्चात, मग धंद्यापायीच गेलेला हा पैसा का नाही?

जुळे_सोलापूरकर: म्हणजे काम कच्चं तुम्ही करायचं आणि सूट सरकारने द्यायची? ट्रॅफिकचा दंड पण धरा की मग खर्चात.

वहीखातं: दंड वेगळा ओ. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ३७(१) सांगतं, निव्वळ धंद्यासाठी झालेला, भांडवली किंवा घरगुती नसलेला खर्च वजा होतो. कायदा मोडल्याचा दंड नाही होत, पण ग्राहकाला भरपाई हा कराराचा वाद, गुन्हा नाही. तडजोडीच्या रकमेवर २०२५ पासून जी बंदी आली ती सेबी कायदा, स्पर्धा कायदा अशा चारच कायद्यांना लागू केलीय, गळक्या टेरेसचा काय संबंध. फक्त तडजोडपत्रात 'कामातील त्रुटीपोटी भरपाई' असं लिहिलेलं पाहिजे आणि पैसे बँकेतून. रोखीत एका माणसाला एका दिवसात १० हजाराच्या वर गेले की त्याच कायद्याच्या कलम ४०ए(३) मध्ये खर्चातून उडाले.

होटगी_रोडवाला: ५० हजार रोख मागितले त्यानंच 😐

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड: रिटर्न कलम ४४एडी मध्ये, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून भरता का ते सांगा आधी.

होटगी_रोडवाला: हो, ८ टक्के. सगळे तेच भरतात की.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड: मग विषयच संपला, उरलेल्या ९२ टक्क्यात सिमेंट, मजुरी, वकील, भरपाई सगळं आलं, वरून परत वजा नाही. टॅक्सवाला बरोबर बोलला. ४४एडी सोडलं तर पुढची ५ वर्षं परत घेता येत नाही, ऑडिट मागे लागू शकतं ते वेगळंच. आणि उलाढाल ६० लाख धरली तरी नफा दिसतो ४ लाख ८० हजार, नव्या रिजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य. सूट कशातून मागताय?

होटगी_रोडवाला: शून्य तर शून्य, पण एवढे गेल्यावर ८ टक्के सुटले कुठं ह्या वर्षी? नसलेला नफा दाखवायचा?

जुळे_सोलापूरकर: ज्या वर्षी २० टक्के सुटतात त्या वर्षी पण ८ च दाखवता ना, तेव्हा बरं चालतं?

होटगी_रोडवाला: ते इथं नको बे, फोन कर.