भीमगडच्या पट्ट्यात घरासाठी माती काढून विटा पाडता येतात का?

हेमाडगा रोड (प्रश्न)
नमस्कार मंडळी. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्याच्या बाहेर, पण त्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्याच्या गावयादीत आहे. जुनं मातीचं घर उतरवून त्याच जागी बांधायचंय. स्वतःच्या सर्व्हे नंबरातली माती काढून विटा पाडल्या तर चालेल का? कुणी म्हणतं सगळंच बंद, कुणी म्हणतं आपली जमीन, कोण विचारतंय.

मलप्रभाकाठ
दोन्ही चूक. पट्ट्याच्या अधिसूचनेत तक्ता असतो: बंदी, नियंत्रण, प्रोत्साहन. खाण आणि खडी क्रशर बंदीत येतात. पण सहसा त्याच ओळीत सूटही लिहिलेली असते: स्थानिक रहिवाशाला स्वतःचं घर बांधायला किंवा दुरुस्त करायला माती खणता येते, स्वतःपुरत्या विटा-कौलं करता येतात. भीमगडच्या तक्त्यातली ही ओळ स्वतः वाचून तिची प्रत काढून ठेवा. सूट घराला आहे, जमिनीला नाही. एक टिप्पर विकायला गेला की ती वीटभट्टी ठरते, आणि ती सहसा बंदीत असते.

म्हणून हिशेब आधी कागदावर मांडा. ९ इंची भिंत, १० फूट उंच, एकूण १०० फूट लांब धरली तर सुमारे २१ घनमीटर काम. घनमीटरला साधारण ५०० विटा. दारं-खिडक्या वजा, फुटतूट जमा, की दहा हजार. हजार विटांना अंदाजे अडीच घनमीटर माती, म्हणजे ५ बाय ५ मीटरचा १ मीटर खोल खड्डा. अर्जात हेच आकडे लिहा. सोबत शेताचा उतारा, घराचा ई-स्वत्तू उतारा (पंचायतीचा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) आणि खड्ड्याची जागा दाखवणारा कच्चा नकाशा. एक प्रत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना), एक वनखात्याच्या रेंज ऑफिसला. पोच शिक्क्यासकट घ्या. तोंडी होकारावर खणायला घेतलं आणि तक्रार झाली तर हातात काहीच नसतं.

खड्ड्याची एक बाजू उतरती ठेवा. सरळ काठाच्या खड्ड्यात रात्री गवा पडला तर त्याला वर येता येत नाही.

जांबोटी_घाट
वरचं बरोबर. लोक अडकतात ते मातीत नाही, विटा भाजायच्या जळणात. माती खणायची सूट झाडाला लागू नाही. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशी काही झाडं त्यातून वगळली आहेत. सागवान, शिसव नाहीत. पट्ट्यात मात्र वगळलेलं झाडही रेंज ऑफिसला विचारूनच तोडा. त्यापेक्षा भाताच्या गिरणीतला तूस आणा, पावती जपून ठेवा. विहीर किंवा बोअर मारायचा असेल तर ते सहसा नियंत्रणाच्या रकान्यात असतं, त्याची परवानगी वेगळी.

हेमाडगा रोड
आभार. उरलेल्या विटा भावाच्या घराला दिल्या तर? आणि पंचायतीत पश्चिम घाटाच्या मसुद्याचं नाव पुढे करतात.

मलप्रभाकाठ
भावाचा उतारा वेगळा असेल तर त्याच्या नावाने वेगळा अर्ज द्या, त्याचा आकडा वेगळा. तुमच्या दहा हजारांत त्याचं घर बसवू नका.

पश्चिम घाटाचं ते वेगळं: घाटाचा भाग पर्यावरण-संवेदनशील ठरवायचा केंद्राचा मसुदा. ३१ जुलै २०२४ चा तो सहावा. त्यातही राहत्या घराची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण यांना आडकाठी नाही. बांधकामावरची बंदी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या कामांना आहे. तरीही नकार दिला तर कुठल्या अधिसूचनेच्या कुठल्या कलमाने, ते लेखी मागा.