टिकाऊपणाची किंमत

विषाणूंवरचं औषध म्हणून पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) शरीरात टिकत नाही, म्हणून पेप्टॉइड ही त्याची कृत्रिम नक्कल हवी, असं म्हणतात ते खरंच. एचआयव्हीवरचं एन्फुव्हिर्टाइड (३६ अमिनो आम्लं, मान्यता २००३) दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅम त्वचेखाली टोचावं लागायचं. पेप्टॉइडमध्ये बाजूची साखळी कार्बनवरून नायट्रोजनवर सरकवतात, त्यामुळे प्रोटिएजला (प्रथिनं तोडणाऱ्या विकराला) ते सहजी तोडता येत नाही. गोम पुढे आहे. नायट्रोजनवरचा हायड्रोजन गेला की कण्यातले, आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंधही गेले. मग मळसूत्री आकारासाठी जाडजूड कायरल (डाव्या-उजव्या हातांसारखी वेगळी रूपं असणाऱ्या) साखळ्या लावायच्या, आणि त्या बहुधा तेलकट, म्हणजे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटणाऱ्या.

त्यामुळे पेप्टॉइड विषाणू मारतं का याची चाचणी सीरमसह (रक्तातला, अल्ब्युमिन असलेला द्रव) आणि सीरमविना, दोन्ही करा. विषाणू आणि पेप्टॉइडचं मिश्रण पेशींवर घालण्याआधी भरपूर पातळ करायला विसरू नका; नाहीतर उरलेलं पेप्टॉइड पेशींवरच संसर्ग अडवतं आणि विषाणू आधीच मेल्यासारखा भासतो.