एजन्सीचा दर म्हणजे पगार नव्हे

ब्रिटनमध्ये अंब्रेला कंपनीतून (एजन्सीने मिळवून दिलेल्या कामासाठी तुम्हाला पगारावर ठेवणारी मधली कंपनी) काम करणाऱ्याने सरकारी मदत मागताना एजन्सीशी ठरलेला पूर्ण दरच उत्पन्न म्हणून दाखवावा, असं काहीजण सुचवतात. त्यात स्वतःचंच नुकसान आहे, कारण उत्पन्न फुगलेलं दिसतं आणि मदत घटते. त्या दरातून कंपनी आधी आपलं मार्जिन, मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी (एप्रिल २०२५ पासून १५ टक्के) आणि अप्रेंटिसशिप लेव्ही हा प्रशिक्षणासाठीचा कर काढून घेते. उरतो तो तुमचा ग्रॉस पगार, सुट्टीचे पैसे धरून. टॅक्स क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी मदतीसाठी पी-६० वरचा (वर्षअखेरीस मिळणारा पगार आणि कराचा दाखला) हा करपात्र आकडा लागायचा. ना एजन्सीचा दर, ना हातात पडलेली रक्कम.

अर्थात ती योजना ५ एप्रिल २०२५ ला संपली. तिच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये कंपनीने एचएमआरसीला (ब्रिटनच्या कर खात्याला) कळवलेला पगार सहसा आपोआप पोचतो आणि कर, इन्शुरन्स, पेन्शन वजा करून धरला जातो. पगार आठवड्याला होत असेल तर एखाद्या महिन्यात पाच पगार येतात आणि क्रेडिट घटतं, तेव्हा घाबरू नका.

आणि पगाराचा काही भाग ‘कर्ज’ म्हणून देऊ करणारी कंपनी भेटली, तर चार हात लांब राहा. एचएमआरसी ते उत्पन्नच मानतं, आणि वसुलीला तुमच्याही दारात येऊ शकतं.